लेबलवर नसलेला घटक : राख, मीठ आणि घरचा साबण

आजचा भाग घरी करायच्या साबणावर आहे, ज्याला ‘कोल्ड प्रोसेस’ म्हणतात. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे कृती मिळेल ती शेवटाकडे, आणि तीही थोडं फिरून आल्यावर. घाई असेल त्यांनी पुढे उडी मारायला हरकत नाही. फक्त कॉस्टिक सोड्याबद्दल जे सांगणार आहे ते ऐकल्याशिवाय डबा उघडू नका.

हल्ली कुठल्याही प्रदर्शनात गेलं की हातसाबणाचा एक स्टॉल असतोच. हळद-चंदन, कडुनिंब, कोळसा, गाढविणीचं दूध, काय वाट्टेल ते. आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘केमिकल फ्री’. मी अशा स्टॉलवर सवयीने विचारतो, “ताई, लाय कुठली वापरता?” निम्म्या जणी हसून ब्रँड सांगतात. उरलेल्या म्हणतात, “नाही नाही, आमच्यात तसलं काही नसतं.”

तसलं काही नसेल तर तो साबणच नसतो. साबण म्हणजे तेल किंवा चरबी, आणि तिच्यावर झालेली तीव्र क्षाराची क्रिया. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांडीला लटकलेली तीन फॅटी ॲसिडं. क्षार येतो, ही तिन्ही तोडतो आणि स्वतः त्यांच्याशी जोडला जातो. जे तयार होतं तो साबण, आणि सुटलेलं ग्लिसरीन वेगळं. प्रमाण बरोबर असेल तर शेवटी वडीत क्षार उरत नाही, हे खरं. पण तो नसता तर वाटीत तेल आणि पाणी एकमेकांकडे बघत बसले असते. काही जण लेबलवर ‘सॅपोनिफाइड ऑइल्स’ असं छापतात, तेही याच गोष्टीचं सभ्य नाव.

तेलाची माणसाला कधीच फारशी अडचण नव्हती. ऑलिव्ह, तीळ, खोबरं, बकऱ्याची चरबी, जिथे जे मिळेल ते होतंच. अडचण होती क्षाराची, आणि साबणाचा इतिहास बराचसा त्या अडचणीचा इतिहास आहे.

सुरुवात राखेपासून. रोमन लेखक प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘सापो’ नावाच्या एका गोष्टीचा उल्लेख करतो. ही गॉल लोकांची, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या लोकांची युक्ती, चरबी आणि राख यांची, असं तो सांगतो. बीच झाडाची राख आणि बकऱ्याची चरबी सगळ्यात चांगली म्हणे. आणि उपयोग? केस लालसर करण्यासाठी! अंग धुवायला रोमन लोक तेल चोपडून धातूच्या पट्टीने खरवडून काढत. आता तुम्ही इंटरनेटवर एक गोष्ट वाचली असेल, की रोमजवळ ‘सापो’ नावाचा डोंगर होता, तिथे बळी दिलेल्या जनावरांची चरबी आणि राख नदीत वाहून आली आणि बायकांच्या लक्षात आलं की कपडे स्वच्छ निघतात. गोष्ट छान आहे, पण असा डोंगर कुठे होता याचा काही पुरावा नाही. हातसाबणाच्या निम्म्या वेबसाइट तरीही ती छापतात.

राखेत पाणी घालून ते गाळलं की जे निथळतं ते लाय. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांमध्ये शेकडो वर्षं हेच चाललं. लाय पुरेशी कडक झाली की नाही हे कसं ओळखायचं? त्यात अंडं सोडायचं. अंडं तरंगलं आणि नाण्याएवढा भाग पाण्यावर दिसला, की लाय तयार. दुसरी पद्धत, पक्ष्याचं पीस बुडवायचं, ते विरघळायला लागलं तर ठीक. जरा विचार करा, पीस विरघळतंय, म्हणजे कातडीचं काय होत असेल! शिवाय प्रत्येक झाडाची राख वेगळी, प्रत्येक पावसाळ्याचं लाकूड वेगळं. म्हणून साबण तासन्‌तास शिजवायचा, चाखून बघायचा (हो, जिभेवर), चरबी वाढवायची, परत शिजवायचा. आणि एवढं करून लाकडाच्या राखेतून जो मिळायचा तो पोटॅशचा साबण, मऊ, मडक्यात ठेवायचा लगदा. वडी हवी तर सोडा लागतो, आणि तो मिळायचा खाऱ्या जमिनीतल्या किंवा समुद्रकाठच्या झुडपांच्या राखेतून. सीरियातल्या हलब शहराचा, म्हणजे आलेप्पोचा ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा साबण असाच. आपला ‘साबण’ हा शब्दही त्या बाजूचाच, अरबी ‘साबून’.

मग आपल्याकडे काय होतं? इथे मला थोडं थांबायचंय.

सुश्रुतसंहितेत क्षार बनवण्यावर एक पूर्ण अध्याय आहे. मुष्कक वगैरे झाडं जाळून त्यांची राख सहापट पाण्यात कालवायची, एकवीस वेळा गाळायची, आटवायची. पुढची पायरी खरी हुशारीची. शंख-शिंपले आणि चुनखडी लालबुंद तापवून त्या द्रावणात विझवायची. यातून काय होतं? राखेतला सौम्य कार्बोनेट क्षार चुन्यामुळे तीव्र हायड्रॉक्साइड होतो. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रकार सांगितलेत, आणि ठेवायला लोखंडी भांडं. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध केला तेव्हा या कृतीचं मोकळेपणाने कौतुक केलं होतं. म्हणजे लाय आपल्याकडे होती, आणि उत्तम होती. पण सुश्रुताने ती वापरली मूळव्याध, चामखीळ, गाठी जाळायला. शस्त्रासारखी. त्या अध्यायात साबण नाही.

का नाही? माझं मत असं, की गरजच नव्हती. आपल्याकडे रिठा होता, शिकेकाई होती. पाण्यात चोळली की फेस देणारी फळं झाडावर लागत असताना राख कोण एकवीस वेळा गाळणार? रिठ्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’, म्हणजे जवळपास ‘हिंदुस्थानी साबण’च! युरोपियनांनी ते झाड बघितलं आणि नावातच कबुली देऊन टाकली. अंगाला उटणं, केसांना शिकेकाई, कपड्यांना परटाची भट्टी आणि खार. सगळी कामं वाटून दिलेली होती.

तरी साबणाचा धागा महाराष्ट्रात आहे, आणि तो अशा जागी आहे जिथे तुमच्यापैकी काही जण शाळेच्या सहलीला गेले असतील. लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं उल्कापाताने झालेलं सरोवर. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि सगळ्यांच्या फोनवर फोटो फिरले, तेच. त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, कारण त्यात सोडा आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर क्षार जमायचा आणि लोक तो गोळा करून विकायचे. त्याच्या जातींना स्थानिक नावं होती. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो, आणि तिथे काच आणि साबण करायचं सामान मिळतं अशी नोंद आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला माहीत होतं की साबणाचा सोडा वऱ्हाडात सापडतो. लोणारला गेलात तर दैत्यसूदन मंदिर बघाच, पण काठावरची पांढरी पापडीही बघा. बघा फक्त, उचलू नका, ते अभयारण्य आहे.

आता युरोपात परत जाऊ, कारण तुमच्या हातातला कॉस्टिकचा डबा तिकडून आला.

फ्रान्समध्ये मार्सेय शहराचा साबण नावाजलेला. १६८८ मध्ये चौदाव्या लुईच्या सरकारने फर्मानच काढलं की तिथल्या साबणात ऑलिव्हचं तेलच वापरायचं. पण त्याला लागणारा सोडा बराचसा स्पेनहून यायचा, खाऱ्या झुडपांच्या राखेतून. काचवाले, कापडवाले, साबणवाले, सगळ्यांना तोच हवा. लढाई झाली की पुरवठा बंद. मग विज्ञान अकादमीने बक्षीस लावलं : साध्या मिठापासून सोडा करून दाखवा.

निकोला लब्लां नावाचा एक डॉक्टर होता. ऑर्लिअन्सच्या ड्यूकच्या पदरी. त्याने ते करून दाखवलं. मिठावर गंधकाम्ल, मग जे मिळेल ते चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत, मग पाण्याने धुऊन सोडा वेगळा. १७९१ मध्ये पेटंट मिळालं. ड्यूकच्या पैशांवर पॅरिसजवळ सां-दनीला कारखाना उभा राहिला. सगळं जमून आलं होतं, फक्त साल चुकीचं होतं. राज्यक्रांती सुरू होती. नोव्हेंबर १७९३ मध्ये ड्यूकचं डोकं गिलोटिनखाली गेलं आणि कारखाना सरकारजमा झाला. पुढच्या वर्षी सरकारने लब्लांची कृती सगळ्यांसाठी जाहीर करून टाकली. कारण देशभक्तीचं होतं आणि खोटंही नव्हतं : पोटॅश बंदुकीच्या दारूसाठी हवं होतं, त्यामुळे साबण आणि काचेसाठी सोडा पाहिजेच होता. पण लब्लांच्या हातात काय राहिलं? बक्षीस मिळालं नाही. नेपोलियनच्या काळात कारखाना परत मिळाला, तर तो चालवायला पैसा नाही. १८०६ च्या जानेवारीत त्याने आपलं आयुष्य संपवलं.

त्याच्या पद्धतीने मात्र युरोप धुऊन काढला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या आसपास लब्लां पद्धतीचे कारखाने उभे राहिले आणि साबण स्वस्त होत गेला. त्या स्वच्छतेची किंमत दुसऱ्यांनी भरली. या पद्धतीत मिठातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, आणि तो सुरुवातीला सरळ धुराड्यातून वर सोडून द्यायचे. आसपासची झाडं वाळली, कुंपणं करपली, शेतकरी कोर्टात गेले. कारखान्याबाहेर सडक्या अंड्यांच्या वासाचे कचऱ्याचे ढीग. १८३६ मध्ये विल्यम गॉसेजने हा वायू पाण्यात शोषून घेणारा मनोरा तयार केला (हाच गॉसेज पुढे मोठा साबण कारखानदार झाला). तरी मालक लोक तो बसवायला नाखूश. शेवटी १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने अल्कली ॲक्ट केला : निघणाऱ्या आम्लवायूतला ९५ टक्के पकडायचाच. उद्योगाच्या प्रदूषणावर सरकारी निरीक्षक नेमणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक, आणि तो साबणाच्या सोड्यामुळे आला.

१८९० च्या दशकात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून थेट कॉस्टिक सोडा काढायची पद्धत कारखान्यांत आली, आणि आजही बहुतेक कॉस्टिक विजेनेच निघतो. तुमचा डबा म्हणजे मीठ, पाणी आणि वीज. हे ‘नैसर्गिक’ की ‘केमिकल’, तुम्हीच ठरवा. मला हा वादच निरर्थक वाटतो.

पण डबा मिळून अर्धंच काम झालं. किती घालायचा? हे कळायला फ्रान्समधल्याच दुसऱ्या माणसाची गरज होती. मिशेल-यूजेन शेव्ह्रल. १८११ च्या सुमारास त्याच्याकडे साबणाचा एक नमुना तपासायला आला आणि तो पुढे दहा-बारा वर्षं चरबीच्या मागे लागला. १८२३ च्या पुस्तकात त्याने चरबीची उकल केली : फॅटी ॲसिडं आणि ग्लिसरीन. ग्लिसरीन हे नावही त्याचंच. लब्लांचं ऐकून मन खट्टू झालं असेल तर हे ऐका, शेव्ह्रल १०२ वर्षं जगला आणि आयफेल टॉवर उभा राहिलेला बघून गेला.

मग १८७९ मध्ये केटस्टॉर्फर नावाच्या रसायनतज्ज्ञाने लोण्यातली भेसळ पकडायला एक पद्धत काढली : अमुक इतक्या चरबीला किती क्षार लागतो ते मोजा, आकडा बदलला की समजा दुसरी चरबी मिसळली आहे. सगळ्या चरबींची भूक वेगवेगळी असते म्हणून हे जमतं. आज तुम्ही फोनवर जो ‘सोप कॅल्क्युलेटर’ उघडता, त्याच्या पोटात हेच आकडे आहेत. अंड्याची आणि पिसाची जागा लोण्याच्या भेसळीने घेतली!

आपल्याकडची गोष्ट थोडक्यात. १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली. विलायती साबण म्हटला की चरबीची शंका आलीच, आणि स्वदेशीची हवाही तापत गेली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी कुलपांसाठी प्रसिद्ध असलेल्या अर्देशीर गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. नाव अर्थातच ‘चावी’. तो ‘जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण’ असं कुठे वाचलंत तर हलब आणि मार्सेय आठवा. पण इथल्या घरांमध्ये त्याने एक मोठी शंका मिटवली, हे श्रेय पुरेसं आहे.

आता कृती. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी छोटी बॅच.

खोबरेल तेल १५० ग्रॅम, ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम. पाणी १५० ग्रॅम. सगळं वजनाने, डिजिटल काट्यावर. वाटी-चमच्याने नाही, पाणीसुद्धा नाही. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक लागतो आणि तेवढ्याच ऑलिव्हला साडेतेरा. त्यामुळे ऑलिव्ह महाग पडतं म्हणून सगळं खोबरेल घातलं, तर आकडा नव्याने काढायचा. हिशेबाने इथे ७४ ग्रॅम येतो, आपण मुद्दाम पाचेक टक्के कमी घेतलाय, म्हणजे थोडं तेल सुटं राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही.

कॉस्टिक शुद्ध हवा, ९८ टक्क्यांच्या वरचा. मोरी तुंबल्यावर टाकायची पावडर चालत नाही, तिच्यात भलतंसलतं मिसळलेलं असतं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो. गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिडकी उघडी. लहान मुलं, मांजर-कुत्री दुसऱ्या खोलीत.

पाण्यात कॉस्टिक घालायचा, थोडा थोडा, ढवळत. उलट कधीच करायचं नाही. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येऊ शकतं. द्रावण आपोआप उकळत्याच्या जवळ तापेल आणि वाफ येईल, ती हुंगू नका. आता सगळ्यात धोक्याची वेळ : थंड झाल्यावर ते द्रावण हुबेहूब पाण्यासारखं दिसतं. ओट्यावर ग्लासात ठेवलं तर घरातलं कुणीही उचलून पिऊ शकतं. म्हणून ग्लास नको, रिकामी पाण्याची बाटली तर मुळीच नको. भांड्यावर ठळक लिहा आणि तिथून हलू नका. डब्यातले कोरडे दाणेही खडीसाखरेसारखे दिसतात. डबा उंचावर, कुलपात.

अंगावर उडालं तर? सुश्रुत आंबट कांजी लावायला सांगतो. आम्ल क्षाराला मारतं हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्या काळात घरात नळ नव्हता. आज लिंबू-व्हिनेगर शोधत बसायचं नाही. लगेच वाहत्या पाण्याखाली, कपडा काढून, निदान वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत धूत थेट हॉस्पिटल. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, सरळ हॉस्पिटल.

द्रावण आणि तेल दोन्ही कोमट, चाळीस अंशांच्या आसपास आले की तेलात द्रावण सावकाश ओता. हँड ब्लेंडर थोडा फिरवा, थांबा, परत फिरवा. काही मिनिटांत मिश्रण बासुंदीसारखं दाटसर होतं आणि वरून पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर उठून दिसते. याला ‘ट्रेस’ म्हणतात. मी पहिल्यांदा तो बघितला तेव्हा ब्लेंडर बंद करून नुसताच बघत राहिलो होतो, कारण पाण्यापासून वेगळं राहणारं तेल पहिल्यांदाच हट्ट सोडताना दिसत होतं. सिलिकॉनच्या साच्यात ओता, किंवा दुधाच्या टेट्रापॅकमध्ये. वरून कापड टाकून ठेवा. दीड-दोन दिवसांनी हातमोजे घालूनच काढा, सुरीने वड्या पाडा.

मग चार ते सहा आठवडे हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटवता. बहुतेक क्रिया पहिल्या दोन दिवसांतच होते, नंतर पाणी उडत जातं आणि वडी कडक होते. पावसाळ्यात वड्यांवर घामासारखे थेंब दिसतील. घाबरू नका, ते ग्लिसरीन हवेतली ओल ओढतंय. कारखान्यात ते काढून वेगळं विकतात. एकेकाळी त्याचं नायट्रोग्लिसरीन व्हायचं आणि नोबेलच्या डायनामाइटमध्ये जायचं. तुमच्या वडीत ते तसंच राहिलंय.

वडीत पांढरे टणक खडे दिसले, किंवा चिरलेल्या भागातून पाणी सुटलं आणि ते चिकट लागलं, तर ती बॅच अंगाला लावू नका. वजनात किंवा ढवळण्यात काहीतरी चुकलंय.

आणि वड्या कुणाला भेट देणार असाल, तर चिठ्ठीवर तेलांच्या नावांशेजारी कॉस्टिक सोडाही लिहा. पुढच्या भागात रिठा आणि शिकेकाई. पावसाळ्यात भट्टी कशी लावायची हे सांगणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा.